टाकळकर भाऊ मागे खेळले

शुक्रवारच्या सरावाला पोहोचलो तर बातमी तयार होती. रविवारच्या मॅचला आमचे दोन्ही विंगर नाहीत. डिस्पॅचची घाई म्हणून त्यांना ओव्हरटाइमला लावलेलं. विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने पळत बॉल पुढे नेणारे. आमच्यात खरे पळणारे तेवढेच. बाकीचे फक्त गेटवर हजेरीच्या पंचिंगच्या वेळी पळतात.

मी चाकणच्या एका कंपनीच्या फुटबॉल टीमचा कोच. मॅच बरोबरीत सुटली तरी आम्ही सेमीफायनलला जाणार होतो. हरलो तर टीम बंद, मैदानावर ट्रेलर उभे राहणार, असं प्लांट हेडने तोंडावर सांगितलं होतं.

मी एचआर मॅनेजर पाटणकरांकडे गेलो.

"दोघांची ड्यूटी बदलून द्या."

"लाइन थांबत नाही सर. तुम्ही आपलं फोर-थ्री-थ्रीच खेळा. अटॅक दिसला पाहिजे. प्लांट हेड येणार आहेत."

फोर-थ्री-थ्री म्हणजे मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन. कागदावर झकास. पण पुढच्या तिघांतले दोघे वेल्ड शॉपमध्ये असणार होते.

"जी माणसं आहेत त्यांचंच फॉर्मेशन करणार," म्हणालो आणि उठलो.

मी फाइव्ह-फोर-वन ठरवलं. मागे पाच, मध्ये चार, पुढे एकच. पळता न येणारी माणसं जवळजवळ उभी केली की पळावं कमी लागतं. फक्त मागच्या पाचांच्या मधोमध उंच माणूस हवा, आणि त्याचं बाकीच्यांनी ऐकलं पाहिजे. असा एकच होता. पेंट शॉपचे सिनियर ऑपरेटर टाकळकर भाऊ, युनियनच्या कमिटीतले.

अडचण अशी, की भाऊ फॉरवर्ड. का, तर सिनियर म्हणून. आमच्याकडे नवीन भरती मागे खेळायची आणि नोकरी जुनी होईल तसा माणूस पुढे सरकायचा. हा नियम कोणी केला नव्हता आणि कोणी मोडतही नव्हतं.

"भाऊ, रविवारी तुम्ही मागे. मधोमध."

बुटाची नाडी बांधता बांधता ते थांबले. "आमी काय गुन्हा केला का सर? शॉपमधी काय तोंड दाखवू?"

"पुढे तुम्हाला बॉल मिळतो का?"

"न्हाई मिळत."

"रविवारी तर मुळीच नाही मिळणार. आणून देणारे ड्यूटीवर आहेत."

"मग पुढं कोन?"

"वाघमारे."

"कॉन्ट्रॅक्टवाला पुढं आन् मी मागं?"

"हो. नाहीतर तुम्ही बाहेर बसा."

भाऊ उठून गेले असते तर अर्धी टीम त्यांच्यामागे गेली असती. पण त्यांच्या मानासाठी टीम घालवायची माझी तयारी नव्हती. भाऊंनी नाडी आवळली आणि ते मागे जाऊन उभे राहिले.

रविवारी समोरच्यांनी आम्हाला पुरतं दाबलं. प्लांट हेड दोनदा म्हणाले, "आपण पुढे का जात नाही?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. भाऊ मात्र शॉपमधल्या लाइनवर ओरडावं तसे ओरडत होते. "जागा सोडू नको! माणूस धर!" आलेला प्रत्येक उंच बॉल त्यांनी डोक्याने बाहेर काढला. कपाळाला टेंगूळ आलं. मॅच शून्य-शून्य सुटली.

"एकही गोल नाही?" प्लांट हेड म्हणाले.

"त्यांचाही नाही सर."

सेमीफायनलला विंगर परत आले, आणि आम्ही हरलो. पण सेमीफायनल गाठली होती, म्हणून टीम राहिली, मैदानही राहिलं. भाऊ आता नव्या पोरांना बजावतात, "मागची जागा सिनियरची हाय, तुमी पुढं व्हा." त्यामुळे मागची जागा मानाची झाली, जुने-नवे सगळे मागेच खेळायचं म्हणतात आणि मला फॉरवर्ड मिळत नाही. माणसांच्या सोयीने फॉर्मेशन बदलता येतं. त्यांच्या डोक्यातली सिनियॉरिटी कशी काढायची, ते मला अजून सापडलेलं नाही.