लाल गोलाच्या आत

नाशिकहून जव्हारमार्गे पालघरला जाणाऱ्या एसटीत चढलो, तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक लॅपटॉप आणि आशिया खंडातली झाडून सगळी लढाऊ विमानं होती. अर्थात चित्रांतली. बँकेतून निवृत्त झाल्यावर मला हा नाद लागला. आपलं राफाल सरस की शेजाऱ्यांचं जे-१०, सुखोई भारी की चीनचं जे-२०, यावर मी गावोगाव व्याख्यानं देतो. आयुष्यात विमानात बसलो ते एकदाच, तिरुपतीला जाताना. पण बोलायला लागलो की लोकांना वाटतं, हा गृहस्थ आत्ताच लढाई उरकून आलाय. मी तो समज मोडत नाही. खरं सांगायचं तर तो मला आवडतो.

घाट उतरून मनोर मागे पडलं आणि मासवणला गाडी पंक्चर झाली. वैशाखाचं ऊन डोक्यावर आलेलं. टपरीवर चहा घेताना शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "कुटं निघालात?"

"बोईसरला. लढाऊ विमानांवर व्याख्यान आहे."

"लढाई हाय का कुटं?"

"नाही हो, सध्या नाही."

"मंग बरं हाय," म्हणत त्याने माझ्यापुढे ताडगोळे सरकवले. गार, गोड, अगदी कोवळे. चाक बदलेपर्यंत मी चांगले सहा-सात हाणले.

पालघरला महेशने उतरवून घेतलं आणि बोईसरला नेलं. हा पूर्वी माझ्या शाखेत शिपाई होता, आता तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात सुपरवायझर आहे. हवेत तो कारखान्यांचा उग्र वास होता. महेश म्हणाला, दोन दिवसांत कळेनासा होतो. संध्याकाळी कामगार वसाहतीचा हॉल गच्च भरला. पाकिस्तानचं जेएफ-१७ हलकं, एका इंजिनाचं, स्वस्तातलं. सुखोई दोन इंजिनांचं, अंगाने थोराड, पण लांब जाऊन भरपूर दारूगोळा टाकणारं. जे-१० चं चिनी क्षेपणास्त्र फार लांबून मारतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. तेवढ्यापुरता हॉल माझ्यावर रुसतो. मग मी राफालचं मेटिअर क्षेपणास्त्र काढतो, की टाळ्या. शेवटी नकाशा. कराची बंदरावर एक लाल गोल काढायचा आणि विचारायचं, "बोला मंडळी, आधी काय उडवायचं?" उत्तर प्रदेशचा एक कामगार उठून म्हणाला, "सर, पूरा शहर ही साफ कर दो." हॉल हसला. मीही हसलो, हे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी महेशने त्याच्या गावी, दातिवऱ्याला नेलं. एका बाजूला नारळ-केळीच्या वाड्या, दुसरीकडे कोळीवाडा, बांबूंच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील. जेवायला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची (बारीक सुक्या कोलंबीची) चटणी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि देवळाच्या सभामंडपात उभा राहिलो.

ह्या व्याख्यानाला टाळी पडेना. मेटिअरला नाही, सुखोईला नाही. मला वाटलं, खेड्यातली माणसं, कळत नसेल. म्हणून आवाज चढवला. लाल गोल काढला, थोडा मोठाच काढला. "बोला मंडळी, आधी काय उडवायचं?" पुढच्या ओळीतल्या बायका जमिनीकडे बघत बसलेल्या. तरी शेवटी गावकऱ्यांनी मला शाल-नारळ दिला, चहा दिला, वाकून नमस्कारही केला.

मंडप रिकामा झाल्यावर एक तिशीतली बाई पुढे आली. महेश म्हणाला, "ही रंजनाताई. आमच्या कोळीवाड्यातली."

"साहेब, एक इचारू? तो लाल गोल काढलात, त्यात तुरुंग येतो का?"

"कसला तुरुंग?"

"कराचीचा. आमचे मालक हायेत तिथं. पोरबंदरच्या बोटीवर खलाशी गेलते. जालं पाण्याबरूबर वाहात जाते न बोट जाल्यामागं. हद्द काय पाण्यावर दिसत नाय, तिकडच्यांनी धरून नेलं. दोन नारली पुनवा गेल्या."

अशी बातमी मी पेपरात कितीदा वाचलीय. वाचून पान उलटून पुढच्या पानावरची विमानं वाचलीत. त्या मंडपात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकानेही मला थांबवलं नव्हतं. पाहुण्याला मध्येच गप्प करायचं नाही, एवढ्यासाठी.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या लेखी मी विमानवाला साहेब.

"नाही येत," मी म्हणालो. "तुरुंग बराच लांब आहे. आणि आपली क्षेपणास्त्रं फार अचूक असतात, ताई. ठरवलेली खिडकी सोडून शेजारच्या खिडकीलाही धक्का लागत नाही."

तुरुंग त्या शहरात कुठे आहे, मला माहीत नव्हतं. आजही नाही. तिने डोळे मिटून सुस्कारा सोडला, मला वाकून नमस्कार केला आणि गेली.

"सांगायचंस की रे आधी," मी महेशवर चिडलो.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. एवढं वाचता तुम्ही."

सकाळी पालघरच्या एसटी स्टँडवर नाशिकची गाडी लागायची होती. रंजनाताई मासळी विकायला बाजारात आली होती. मला बघून लगबगीने आली, सोबत शेजारच्या गावची एक म्हातारी.

"साहेब, हिचा पोरगा पण तिथंच हाय. हिला सांगा ना, काल मला सांगितलंत तसं."

म्हातारीने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि हात जोडून उभी राहिली. तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, एवढंच तर काम होतं.

"आजी, मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी सैन्यात नव्हतो. बँकेत होतो. तुरुंग कुठं आहे, मला काही माहीत नाही. काल मी खोटं बोललो."

म्हातारीला नीट कळलं नसावं; ती रंजनाताईकडे बघू लागली. रंजनाताई रागावली नाही. रागावली असती तर माझी सुटका झाली असती.

"काल मला लई दिसांनी झोप लागली व्हती," ती म्हणाली. म्हातारीची पाटी उचलून तिच्या डोक्यावर दिली आणि दोघी बाजाराकडे गेल्या.

घाट चढेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसं झालं व्याख्यान. छान झालं म्हणालो. ह्या महिन्यात आणखी दोन बोलावणी आली, दोन्ही नाकारली, कारण प्रकृतीचं सांगितलं. कुठलीही दोन विमानं पुढ्यात ठेवा, त्यांत सरस कोणतं ते मी क्षणात सांगेन. त्या बायांना दिलेल्या दोन उत्तरांत जास्त वाईट कोणतं, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.