कोयतीचा वण

"गेला तवाचा माणूस मी काढत नाय. आत्ता हाय तसा काढतो," असं जनू पेंटर दारात आलेल्या प्रत्येक बाईला सुनवायचा. बुरोंडीतले निम्मे पुरुष मुंबईला. बायका लग्नातला फोटो घेऊन त्याच्याकडे जात, आणि होड्यांवर नावं घालून उरलेल्या रंगात तो प्लायवूडवर नवऱ्याचं मोठं चित्र काढून देई. पण त्याआधी, रंग आणायला मुंबईला गेला की, त्या माणसाची खोली शोधून त्याला नीट बघून येई. मग चित्रात टक्कल येई, सुटलेलं पोट येई, दारूनं सुजलेले डोळे येत. बायका रडत. हा मजेत बिडी ओढी.

"मुंबईनं चावून टाकलान त्याला. माझ्यावर कशाला रडतेस?"

गिरण्यांच्या संपात बाबांची पत्रं थांबली. सगळ्याच घरी तसं होतं, म्हणून आई निर्धास्त होती. संप विरला, बाकीच्यांची पत्रं पुन्हा सुरू झाली, बाबांची नाहीत. आई फोटो घेऊन जनूकडे निघाली. मी अडवलं, तिनं ऐकलं नाही.

शिमग्याआधी चित्र तयार झालं. आम्ही दोघी बघायला गेलो. बाबा पिकले होते, चष्मा लागला होता. आणि त्यांच्या खांद्यावर, चित्राच्या कडेबाहेरून आलेला, एका बाईचा हात होता.

"हा कुणाचा, जनूभाऊजी?"

"बघितलं ते काढलं, वयनी. तिचं तोंड काढलं नाय, ही माझी दया."

दया म्हणे! त्याच्याच रंगाचा डबा त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं मला. अजूनही वाटतं.

आई रडली नाही. तिनं उजवा हात पुढं केला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाडाच्या फांद्या तोडताना कोयती लागून अंगठ्याखाली लांब वण राहिला होता.

"ह्यो वण घाला त्या हातावर. येवढंच करा. लोकांना सांगीन, माझाच हात हाय."

गावात मान वर करून राहायला तिला तेवढी एक रेघ हवी होती. त्याच्या हातातला ब्रश ओलाच होता.

"नाय जमायचं," तो म्हणाला. "तो हात गोरा हाय."

आईनं चित्र घरी आणलं, कोयती घेतली आणि टोकानं त्या अंगठ्याखाली लांब चरा ओढला. रंगाखालचं पांढरं लाकूड दिसू लागलं. मग चित्र ओटीवर टांगलं. येणारीजाणारी माणसं बघून कौतुक करत. एकदा जनू आला, चित्राजवळ जाऊन उभा राहिला.

"वण बरोबर जागी पडलाय," एवढंच म्हणाला आणि चहा पिऊन गेला. कुणाला काही बोलला मात्र नाही.

काही वर्षांनी तो वारला. सगळं गाव त्याच्या दारात जमलं. आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी म्हटलं, "चल गो आई, लोक काय म्हणतील?"

"मी नाय येणार," तिनं सुपातले तांदूळ पाखडले. "खोटं बोलला असता, तर रडत गेली असती."