ओलं फडकं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मोठ्या आईच्या तबकडीतला आवाज मी घालवला, आणि दोष तिच्या ओल्या फडक्यावर जाऊ दिला.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकाची बायको. मेडशीला असते. काका वस्तीतल्या गायन पार्टीत गायचा. पार्टीची एकच तबकडी निघाली. तिच्यात सगळे मिळून गातात; शेवटच्या कडव्याच्या दोन ओळी तेवढ्या काका एकटा. तो गेल्यावरही दर चौदा एप्रिलला, जयंतीला, मोठी आई तबकडी पुसायची आणि त्या दोन ओळी लावायची. मग तिचं यंत्र बंद पडलं. वाशिमला माझ्याकडे जुना रेकॉर्ड प्लेअर होता, कॉम्प्युटर होता. म्हटलं, मोबाइलात भरून देतो. ती एसटीनं आली, तबकडी लुगड्यात गुंडाळून.

"तुह्या कंपुटरले समजते काय रे गाणं?"

"समजत नाही, नुसतं ऐकते."

"मंग तुह्यासारखाच हाय तो!"

ती हसत आत चहाला गेली. मी प्लेअरची वायर कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात खुपसली. चुकीचं भोक. आवाज लग्नातल्या फुटक्या भोंग्यासारखा फाटून आला. पण आला होता. दोन्ही ओळी आल्या होत्या. पुन्हा नीट घेऊ म्हणून मी कॉम्प्युटरवरून ते पुसून टाकलं.

बाजूच्या भोकात वायर घातली, तर आता सुई नेमकी त्या ओळींवर उडायला लागली. लहानपणी भोंगेवाल्यांना पाहिलं होतं, सुई उडाली की तिच्या दांड्यावर नाणं ठेवायचे. मी पाच रुपयांचं जाडं नाणं ठेवलं. तरी उडाली, म्हणून दुसरं. सुई जुनी, बोथट. सहा-सात वेळा त्याच जागी घासली. उडायची थांबली तेव्हा सुईला काळी भुकटी लागली होती, आणि काकाच्या जागी नुसती खरखर.

नाणी मी खिशात टाकली.

"आला काय रे आवाज?" ती दारात.

"तेवढी जागा आधीच घासून गेली होती, मोठी आई."

ती तबकडीकडे बघत राहिली. "मीच पुसत राह्यली ना दरसाली. ओल्या फडक्यानं. तुहा काका म्हने, कोरडं घे. म्या आयकलं नाही."

इथं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "होते असं."

आमच्याकडे विचारण्यालाही पुसणंच म्हणतात. ती पुसत राहिली, "पान्यानं जाते काय रे आवाज? खरंच जाते काय?" दोनदा पुसलं. मी दोन्ही वेळा होकाराची मान हलवली.

ती आता जयंतीला तबकडी काढत नाही. फडकं चुलीत घातलं, असं तिनंच मला सांगितलं, हसत.

आवाज मी परत आणू शकत नाही. पण तो तिच्या हातानं गेला नाही, माझ्या हातानं गेला, एवढं तिच्यासमोर बसून सांगण्याचं देणं मी तिला लागतो. अजून सांगितलेलं नाही.