साडूभाऊंना आजच कळले

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की अननस झाडाला लागत नाही. तो जमिनीलगत, घायपातासारख्या दिसणाऱ्या एका काटेरी रोपाच्या डोक्यावर बसून वाढतो. ही बातमी तुम्हाला आधीच ठाऊक असेल तर तुमचे अभिनंदन. आमच्या थोरल्या साडूंना ती साठी उलटल्यावर कळली, आणि कळली त्याच पहाटे त्यांनी कवठे महांकाळहून सांगलीला मला फोन केला. पहाटेचा फोन वाजला की घरात काय होते ते तुम्ही जाणताच. बायको देव्हाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. मी कापऱ्या आवाजात विचारले, "कोण गेलं?"

"कोण न्हाई गेलं, पावणं. अननस भुईवर असतोय!"

इतकी वर्षे साडूभाऊंच्या मनात अननसाचे नारळाएवढे उंच झाड डोलत होते आणि त्या झाडाची त्यांना मनापासून काळजी वाटत होती. "नारळ टाळक्यात पडला तर मानूस येकवेळ वाचंल," ते म्हणाले, "पर ह्यो काट्याचा गोळा? म्या म्हनायचो, त्या मुलखातली मानसं बाजाराला जात्यात तरी कशी?" त्या पहाटे एका अख्ख्या मुलखाच्या डोक्यावरचे संकट टळले होते, आणि त्या आनंदात त्यांनी आमची झोप मोडली होती. बायकोने देवापुढे साखर ठेवली.

ज्ञानाच्या दारात इतक्या उशिरा पोहोचून इतक्या आनंदाने कडी वाजवणारा माणूस सातारा-सांगलीच्या मुलखात दुसरा नाही, असे मी छातीठोकपणे सांगतो. तुम्हाआम्हाला एखादी गोष्ट उशिरा कळली, तर आपण काय करतो? ती आपल्याला बारशापासून माहीत होती असा चेहरा करतो आणि विषय बदलतो. मी तर त्यात पारंगत आहे. साडूभाऊंना तो चेहरा जमतच नाही. त्यांना जे आज कळले ते जगाला आजच घडले असे वाटते, आणि बातमी शिळी व्हायच्या आत ते ती घरोघर पोचवतात.

यासाठी त्यांच्याकडे एक हक्काची जागा आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत त्यांचे बी-बियाणांचे आणि औषधांचे दुकान आहे. गल्ला आता मुलगा सांभाळतो, आणि साडूभाऊ बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे अज्ञान दूर करतात. द्राक्षावर दावण्या रोग आला म्हणून कासावीस होऊन धावत आलेल्या बागायतदाराला आधी बाकावर बसावे लागते, मग औषध. देवमासा हा मासा नसून तो पिलाला दूध पाजतो, हे त्यांना कळले त्या दिवशी मी योगायोगाने तिथे होतो. त्यांनी ती बातमी बाकावर दिली. मग फेटेवाल्या एका म्हाताऱ्याने सावकाश विचारले, "फॅट किती लागतीया?"

साडूभाऊंना ते सांगता येईना. पुढचे दोन दिवस ते बेचैन होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते शोधून काढले आणि म्हाताऱ्याच्या वस्तीवर जाऊन सांगितले, "आवं तात्या, म्हशीच्या कितीतरी पटीत!" म्हातारा म्हणाला, "मग आपन उगं म्हशी पाळतूया गड्या."

मोटारीत पेट्रोलच्या काट्याशेजारी एक बारका बाण असतो आणि टाकीचे झाकण कोणत्या अंगाला आहे ते तो दाखवतो. हे त्यांना विट्याला एका लग्नात कळले. विट्याचे लग्न म्हणजे सोने-चांदी गाळण्याचा, गलाईचा धंदा करणारी मंडळी मुलुखभरच्या शहरांतून मोटारी घेऊन आलेली. अक्षता पडल्या, जेवणावळी सुरू झाल्या, पण साडूभाऊ गायब. शेवटी ते कार्यालयामागच्या मैदानात सापडले. काचेला नाक लावून ते एकेका मोटारीत डोकावत होते आणि भोवती चार दांडगे पाहुणे उभे होते. "चोर न्हाई वो म्या," साडूभाऊ कळवळून सांगत होते, "बाण बघतोय!" खरी गंमत पुढेच. पाच मिनिटांनी ते चारही दांडगे आपापल्या मोटारीत शिरून बाण बघत होते. त्यांतला एकजण बाहेर येऊन म्हणाला, "आयला, पंपावर कायम उलटी लावतोय की मी गाडी!" साडूभाऊंना त्यांनी पहिल्या पंगतीत नेऊन बसवले.

पण सगळीकडे अशी पंगत मिळत नाही. केळीचे झाड हे झाड नसून गवताच्या गोतातले आहे, हा शोध त्यांनी आमच्याच घरी सत्यनारायणाच्या पूजेत जाहीर केला. चौरंगाला चारी बाजूंनी केळीचे खुंट बांधलेले, गुरुजी कथेत रंगलेले. "गुर्जी," साडूभाऊ म्हणाले, "तुमी समद्यास्नी गवताच्या पाया पडाय लावताय." गुरुजींनी पोथीवरून मान वर केली नाही. "गणपतीला दूर्वा वाहता तेव्हा देवदार वाहता का?" एवढे म्हणून त्यांनी पुढचा अध्याय धरला. एका मित्राला हृदयाच्या दुखण्यासाठी मिरजेच्या दवाखान्यात ठेवले होते, तेव्हा साडूभाऊ मोसंबी घेऊन भेटायला गेले आणि धीर द्यायला म्हणाले, "ऑक्टोपसला तीन काळजं असत्यात. तुझ्याकडं येकच हाय गड्या, जप." मित्राच्या बायकोने त्यांना हात धरून बाहेर आणून सोडले.

या सगळ्याहून त्यांना सलणारी गोष्ट एकच होती. ती म्हणजे अक्का. अक्का माझ्या बायकोची थोरली बहीण. दोघी वाईच्या. साडूभाऊ जी बातमी धापा टाकत घरी आणत, ती अक्कांना आधीच माहीत असे. मुलांचे अभ्यास घेताघेता, किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचतावाचता त्यांनी काय काय डोक्यात साठवले होते, देव जाणे. आणि त्या हे अजिबात तोऱ्यात सांगत नसत, हे जास्त वाईट. एकदा त्या अंगणात सांडगे घालत होत्या. साडूभाऊ धावत आले. "अगं, तुझ्या पाटीवर पडलंय ना, ते ऊन आत्ताचं न्हाईच! सूर्यावरनं निघून आठ मिंटं झाली त्याला!"

"व्हय, म्हाईत हाय," अक्का म्हणाल्या. "शिळं असंना का, सांडगं वाळत्यात."

त्या संध्याकाळी साडूभाऊंनी मला फिरायला म्हणून माळावर नेले आणि वाटेत एकही नवा शोध सांगितला नाही. साडूभाऊंकडे बातमी नाही म्हणजे प्रकरण गंभीर. "पावणं," ते शेवटी म्हणाले, "येकदा, फकस्त येकदा, ती चकित झाल्याली बघायची हाय मला."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"हसू नगासा. वाईस्नं आनली तिला. नदी, घाट, देवळं, समदं सोडून आली. हितं काय दावलं म्या? ह्यो माळ. कुसळं. टँकरची वाट. नवं असं कायबी दावलं न्हाई वो. म्हनून म्हंतो, निदान येक गोष्ट तरी तिला म्हाईत नसलेली घरात आणावी. मरायच्या आत."

 मी विषय बदलला.

मग माळावर कालव्याने कृष्णेचे पाणी आले. साडूभाऊंनी शेतात मोठे तळे खणले, त्याला प्लास्टिकचा कागद अंथरला आणि ते पहिल्यांदा काठोकाठ भरले तेव्हा पाणीपूजनाला आम्हा नवराबायकोला बोलावले. अक्कांनी पाण्याची ओटी भरली, नारळ फुटला, पेढे वाटले. साडूभाऊंच्या सदऱ्याचे दोन्ही खिसे फुगलेले होते. त्यांनी मला डोळा घातला आणि खिशांतून दोन संत्री काढली. एक सोललेले, एक सालीसकट.

"बघ हां," ते अक्कांना म्हणाले. "हलकं कंचं?"

"सोललेलं."

"मग बुडंल कंचं?"

त्यांनी दोन्ही पाण्यात टाकली. सालीचे तरंगत राहिले आणि सोललेले, चांगले हलके झालेले, सरळ तळाशी गेले. मी खरोखर थक्क झालो. साडूभाऊंनी मोठ्या आशेने अक्कांच्या तोंडाकडे पाहिले.

"सालीत हवा असती की," अक्का म्हणाल्या. "म्हाईत हाय."

साडूभाऊंचा चेहरा बघवेना. काही तरी करायचे म्हणून ते तरंगणारे संत्रे काढायला खाली वाकले. ओल्या प्लास्टिकवर पाय सटकला, आणि सालीसकट संत्रे तरंगले तरी टोपी-सदऱ्यासकट माणूस तरंगत नाही, हे आम्हा सर्वांना एकाच वेळी कळले. साडूभाऊंना पोहता येत नव्हते. मला येत नव्हते. त्यांच्या मुलाला येत नव्हते. त्या माळावर पिढ्यानपिढ्या कोणाला येण्याचे कारणच नव्हते. टोपी वर आली, ते आले नाहीत. मुलगा दोर आणायला पळाला. मी काठावर उभा राहून मराठी भाषेत जेवढी म्हणून उद्गारवाचक अव्यये आहेत तेवढी वापरली.

 अक्कांनी काष्टा मारला आणि उडी टाकली.

माझी किंकाळी अर्धी झाली असेल, तोच शेजारून माझ्या बायकोचा खणखणीत आवाज आला, "अक्का, मागनं धर! गळ्यात हात टाकू देऊ नकोस! केस धर, केस!"

मी पाण्याकडे बघायचे सोडून बायकोकडे बघितले. हे पाणबुड्याचे ज्ञान कोणत्या घरात, कोणत्या साली आले होते? "तुला पण येतं?" मी विचारले.

"मग? आधी दोर टाका तुम्ही!"

तेवढ्यात मुलगा दोर घेऊन आला, तो टाकला. अक्कांनी एका हाताने साडूभाऊंची शेंडीवजा केसांची जुडी धरली होती आणि दुसऱ्या हाताने त्या पाणी कापत येत होत्या, सावकाश, भांडी घासून झाल्यावर हात धुवावेत इतक्या सहज. आम्ही तिघांनी ओढून दोघांना वर घेतले. साडूभाऊंनी भरपूर पाणी ओकले, डोळे उघडले आणि जीव वाचल्याबद्दल अवाक्षर न काढता, आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध लागल्यासारखे ओरडले, "अगं, तुला पवता येतंय?"

"भोपळा बांधून शिकलोय घाटावर. समद्याच भैनी."

"आन येवढ्या वरसांत बोलली न्हाईस?"

"काय बोलू? घागरीत पवून दावू?"

 साडूभाऊंनी मान खाली घातली. सदऱ्यातून पाणी निथळत होते, आणि ते पुसायचेही त्यांना सुचत नव्हते. मुलाने त्यांच्या अंगावर घोंगडे टाकले. माझी बायको पुढे होऊन अक्कांचे केस पिळू लागली, पण अक्कांचे तिकडे लक्ष नव्हते. त्या तळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी आपले दोन्ही हात वर करून उलटसुलट पाहिले, जणू ते हात कोणीतरी आत्ताच आणून दिले होते. त्यांचे डोळे मोठे झाले, तोंड उघडे राहिले, आणि साठीच्या त्या बाई भर माणसांत, नवऱ्याचा दंड गदगदा हलवत ओरडल्या, "आवं, अजून येतंय की मला!"