बाबांची रेजिमेंट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — तिला अजून वाटतं, बाबा त्या ट्रिपवरून नुसते दमून आले होते.

मी अमेरिकेत एडिसनला राहतो, आयटीत आहे. त्या उन्हाळ्यात बाबा नागपूरहून आमच्याकडे आले होते. लाँग वीकेंडला मी, बाबा, ऑफिसमधला मित्र सौरभ आणि त्याची बायको मुक्ता असे नायगाराला गेलो. बायकोला सुट्टी नव्हती. जवळच्याच एका छोट्या गावात परेड होती, आणि तिथे कॅनडातून एक मिलिशिया रेजिमेंट पाहुणी म्हणून आली होती. एरवी नोकरीधंदा करणारी, वीकेंडला कवायत करणारी माणसं. पुढे त्यांचं निशाण. गडद निळं रेशीम, सोनेरी झालर, आणि जिथे जिथे ती रेजिमेंट लढली त्या जागांची नावं त्यावर भरलेली.

आम्ही व्हिडिओ घेत होतो. बाबा मात्र टाचा जुळवून सावधानमध्ये उभे राहिले — निशाण वळणाआड जाईपर्यंत.

बाबा इन्फंट्रीत हवालदार होते. एकदा बटालियनच्या निशाणाचे रक्षक म्हणून त्यांची निवड झाली होती. निशाण सुभेदारसाहेबांच्या हातात, हे बाजूला बंदूक घेऊन. हा किस्सा मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय, की — पण त्यांच्या रेजिमेंटचं नाव? ते आमच्या जातीचं नाव आहे. ते उच्चारलं की समोरच्याला पुढे काही विचारावं लागत नाही. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. आणि मी ते कधी कळू दिलं नव्हतं. लंचला सौरभ ‘कोट्यातल्या लोकांवर’ बोलायचा, तेव्हा मी काय करायचो? डबा खात राहायचो.

परेडनंतर ते निशाण फायर स्टेशनच्या हॉलमध्ये बघायला ठेवलं होतं. त्यांच्या एका म्हाताऱ्या सार्जंटने बाबांना रस्त्यावर पाहिलं होतं. तो सरळ आमच्याकडे आला आणि बाबांना एकेक नाव दाखवू लागला. इथे इतके गेले, इथे बर्फ होता. बाबांना त्याचं इंग्रजी अर्धंच कळत असावं, पण ते मान हलवत होते, चेहरा उजळला होता. त्याने विचारलं, ‘सर, तुम्ही कुठल्या रेजिमेंटचे?’

मुक्ताही मागून म्हणाली, ‘अय्या काका, तुम्ही आर्मीत होतात? सांगा ना, कुठली?’

बाबांनी श्वास घेतला. नाव सांगण्यापूर्वी ते थोडे ताठ व्हायचे, तसे झाले. आणि मी मध्येच बोललो. आधी इंग्रजीत, मग मराठीत — ‘क्लार्क होते. रेशन सप्लायमध्ये.’

का? मला कुणी धमकावलं होतं का? नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, ‘हो. क्लार्क होतो मी.’ सौरभ हसला, ‘म्हणजे काका, लढाई डाळ-तांदळाशी!’ बाबाही हसले. मी पण हसलो — हेही सांगायला हवं.

परतताना रेस्ट एरियात ते दोघं कॉफी आणायला गेले, तेव्हा बाबा हळूच म्हणाले, ‘आधी सांगून ठेवायचं ना रे. माझ्या तोंडून निघून गेलं असतं, तर तुझी पंचाईत झाली असती.’

रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं. पण नंतर सौरभ-मुक्ता घरी जेवायला आले, तेव्हा बायको स्वयंपाकघरात असताना बाबांनी आपणहून गोदामातल्या उंदरांच्या गमती सांगितल्या. सगळ्या रचलेल्या. माझ्यासाठी.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. मी नागपूरला पोहोचलो, तेव्हा त्यांच्या बटालियनचे जुने सोबती घरी जमले होते. त्यांतल्या एका काकांनी माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. म्हणाले, ‘तुझ्या बापासारखा निशाणाजवळ उभा राहणारा माणूस नाही पाहिला. तिकडे अमेरिकेत सांगत असशील ना पोरा सगळ्यांना?’

‘सांगतो ना काका,’ मी म्हणालो.