चिकण कोणती?

‘बुडवून पायलं का?’ हा बाबाजींचा ठरलेला प्रश्न. नवं मडकं असो की नवा जावई, विचारणं तेच. नातीला बघायला आलेली मंडळी हे ऐकून उठलीच होती म्हणे.

खरं तर तो प्रश्न मातीचा होता. केशोरीकडच्या त्यांच्या गावात तलावाची पाळ, म्हणजे बांध, राखण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या. टपरीवर ते ग्लासभर पाणी मागायचे आणि धोतराच्या सोग्यातलं ढेकूळ त्यात सोडायचे. टपरीवाला चिडायचा; हे नुसते बघत बसायचे. ढेकूळ तसंच बसून राहिलं तर ती माती पाळीची.

मी नवा अभियंता, त्या पाळीच्या दुरुस्तीवर आलेलो. जवळच्या बरडावरची पांढुरकी माती आणली होती. बाबाजींनी ढेकूळ सोडलं आणि न ढवळताच पाणी गढूळ झालं.

‘साहेब, हे माती विरून राहिली. पाळीत टाकू नोका.’

मी अहवाल पुढे केला. ‘बाबाजी, चिकणमाती भरपूर आहे यात.’

‘किती हाये थे लिवलं. कोनती हाये थे कायले नाही लिवलं?’

मला हसू आलं. चिकण ती चिकण, एवढीच माझी अक्कल. त्यांनी अहवालावरचा शिक्का पाहिला आणि ग्लासातलं गढूळ पाणी ओतून दिलं. शिकलेल्यांच्या कागदापुढे ते नमतं घ्यायचे.

पावसाळ्यात पाणी पाळीवरून गेलं नाही, आतून गेलं. सकाळी उंदराच्या बिळाएवढं भोक होतं, दुपारी बैलगाडी जाईल एवढं भगदाड. खालच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं, नुकतंच रोवलेलं धान गाळाखाली गेलं. आम्ही घाईनं भगदाड बुजवलं, त्याच मातीनं.

मी माफी मागायला गेलो.

‘चूक तुमची नाही, साहेब. मीच काऊन अडून नाही बसलो?’

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

हिवाळ्यात ते गेले. मी मातीला गेलो. रीतीप्रमाणे आम्ही सगळे आंघोळीला तलावात उतरलो. पाणी अजून निवळलं नव्हतं. अशी आपोआप विरणारी चिकण तळाला बसतच नाही, हे मी एव्हाना पुस्तकात वाचलं होतं. बाहेर आलो, उन्हात अंगं सुकली आणि प्रत्येकाच्या कातडीवर पांढरा थर दिसू लागला.

बाबाजींचा मुलगा हापशीकडे गेला आणि दांडा हापसू लागला.

‘या साहेब, पयले तुम्ही धुवून घ्या.’