ब्याऐंशी की अठ्ठ्याण्णव

मामंजींची कात्री म्हणजे छत-ताडपत्रीच्या त्या दुकानातली महाराणीच! उभ्या जन्मात तिनं दुसरा हात पाहिला नव्हता. सूनबाईनं मागितली, की म्हातारा म्हणायचा, "आधी एक छत तुझ्या मापानं बसू दे, मग बघू."

संधी आली शाळेच्या अंगणाची. तीन खांब, त्यांवर ताणायचं त्रिकोणी कापड. दोन बाजू टेपनं मोजल्या. तिसरीच्या वाटेत बांधकामाचा हा ढिगारा. पण सूनबाई लेकीच्या पुस्तकातून साइनचा नियम शिकली होती. कोणतीही बाजू घ्या, तिला समोरच्या कोनाच्या साइननं भागा, उत्तर तिन्ही वेळा एकच. मग काय, एका खांबापाशी कोन मोजून बाई ऐटीत परतली.

कॅल्क्युलेटर म्हणाला, ढिगाऱ्यापलीकडच्या खांबाचा कोन ब्याऐंशी अंश. त्यावरून तिसरी बाजू निघाली, कापडावर खडूच्या रेघा पडल्या.

"पुस्तकं वाचून छतं शिवायची म्हणे!" मामंजी पुटपुटले आणि त्यांनी कात्री उघडली.

कापड महागाचं, तुकडा एकच. सूनबाईची नजर तिसऱ्या कोपऱ्यावर खिळली. हा तर टेबलाच्या कोपऱ्याहून अरुंद! आणि काल त्या कोपऱ्याच्या खांबाला पाठ लावून तिनं उरलेल्या दोन्ही खांबांकडे हात पसरले, तेव्हा ते काटकोनाहून जास्त फाकले होते.

"मामंजी, थांबा! चुकलं माझं!" कात्री हवेतच राहिली. "ब्याऐंशी आणि अठ्ठ्याण्णव, बेरीज एकशे ऐंशी, म्हणून दोघांचा साइन सारखाच. यंत्र बापडं लहान कोन सांगून मोकळं झालं, आणि मी मान डोलावली."

गेली कात्री हातची, असं तिला वाटलं. तरी ती पुन्हा शाळेत गेली, तिसऱ्या खांबापाशी कोन मोजला. अठ्ठ्याण्णवच! जुन्या रेघा पुसून तिनं नव्या ओढल्या. मामंजींनी कापड कापलं.

छत चढलं. शेवटची कडी हुकात अलगद बसली, कापडाला एक सुरकुती नाही.

"माप अगदी अचूक हो तुमचं!" मुख्याध्यापिका मामंजींना म्हणाल्या.

"माझं कुठलं? आमच्या सूनबाईचं!" म्हाताऱ्याची छाती अशी फुगली, की सदऱ्याची बटणं धास्तावली. "चूकही तिनंच पकडली, कात्री लागायच्या आत. मला तर दिसलीही नव्हती."

खांबाला दोरीचं एक टोक लोंबत होतं. मामंजींनी कात्री उलटी धरून मूठ सुनेपुढे केली.

"घे, काप. पण धार मीच लावणार, सांगून ठेवतो!"